जाळीमागची बुचं

१

सकाळच्या मोजणीत एक बूच कमी भरलं.

हॉस्पिटलच्या औषधवाल्यांनी पुन्हा मोजलं. टॉर्च कपाटाच्या जाळीला टेकवून, ओठ हलवत, पोरं पाढे म्हणतात तसं मोजलं. कमी ते कमीच. मग त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, आणि मोठ्या डॉक्टरांनी दाराला आतून कडी लावून फौजदारांना फोन केला.

फौजदार आता काही फौजदार राहिले नव्हते. नोकरी कधीच संपली होती. पण नाव चिकटलं ते चिकटलं. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत सगळे त्यांना फौजदारच म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणायची. तिला जाऊन सहा-सात महिने झाले होते. याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात.

त्यानंतर ते इथे पहिल्यांदाच येत होते. फाटकाशी पाय अडखळला, पण बोलावलंय म्हटल्यावर गेले.

"पोलिसांत जायचं नाहीये," डॉक्टर जिना उतरता उतरता म्हणाले. "सोमवारी परवान्याची तपासणी आहे. बोभाटा झाला तर माझं काही खरं नाही. तुम्ही घरच्यासारखे, म्हणून तुम्हाला त्रास दिला."

"चोरीला काय गेलंय?"

"दाखवतो."

औषधांची खोली जिन्याखाली होती. आत स्पिरिटचा वास आणि पिवळा दिवा. कोपऱ्यात लोखंडी कपाट, त्याला दोन कुलपं. कपाटाच्या वरच्या भागाला बारीक जाळी होती. डॉक्टरांनी कमरेचा जुडगा काढून एक कुलूप उघडलं. औषधवाल्यांनी गळ्यातल्या दोऱ्याची चावी काढून दुसरं उघडलं. दार असं करकरलं की तिघांचेही दात आंबले.

आत तपकिरी बाटल्या होत्या. ओळीनं, खांद्याला खांदा लावून, समोरच्या सगळ्या सीलबंद. फौजदारांनी चष्मा वर सरकवून लेबल वाचलं.

मॉर्फिन.

हा शब्द त्यांना पाठ होता. बायको उशीचा कोपरा दातांत धरून पडलेली असायची तेव्हा ते हाच शब्द म्हणत औषधांच्या दुकानांत दारोदार फिरले होते. दुकानदारांनी त्यांच्याकडे नशेबाजाकडे बघावं तसं बघितलं होतं. जन्मभर नशेबाज पकडलेल्या माणसाकडे! आणि याच डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "वरूनच येत नाही हो हे औषध. आपल्या हातात काय आहे?"

"या कधी आल्या?" फौजदारांनी विचारलं.

"गेल्या वर्षी."

"म्हणजे माझी बायको वर होती, तेव्हा..."

डॉक्टरांनी खाली बघितलं. औषधवाल्यांनी टॉर्च विझवला, पुन्हा लावला.

"एकच गेलीय, फौजदार," डॉक्टर म्हणाले. "बाकी सगळ्या जागच्या जागी आहेत."

२

फौजदार बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. घरी जावं असं मनात होतं, पण पाय उठेनात.

डॉक्टर त्यांच्या शेजारी येऊन बसले. असा माणूस पायरीवर बसतो हे फौजदार पहिल्यांदा बघत होते.

"माझा एक मित्र होता," डॉक्टर म्हणाले. "बरोबर शिकलेला. त्याच्या हॉस्पिटलात अशीच एक बाटली हातातून निसटून फुटली. हिशोब लागेना. बेड्या घालून नेला त्याला. बायकोमुलांसमोर. सुटला, पण पुन्हा कधी पेशंट तपासला नाही. आमच्याकडे बाटल्या आल्या तेव्हा मी ठरवलं, हात लावायचा नाही. अखंड राहिल्या की प्रश्न नाही. दर तपासणीला शाबासकी मिळते आम्हाला."

"आणि वर माणसं ओरडतात त्याचं?"

डॉक्टरांनी कमरेचा जुडगा चाचपला.

"बाटली कमी पडली तर मला आत टाकतात," ते म्हणाले. "पेशंट ओरडला तर कुणी जाब विचारतसुद्धा नाही. तुम्ही तरी विचारलात का?"

फौजदार ताडकन उठले. डॉक्टरांना वाटलं, आता हा माणूस कानशिलात देणार. पण ते औषधांच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, "सगळ्या बाटल्या खाली काढा. एकेक. माझ्या हातात द्या."

औषधवाले कपाटापुढे आले. "फुटली म्हणजे, साहेब?"

"फुटली तर मी फोडली म्हणून सांगा."

जाळीतून आत गेलेली धूळ बाटल्यांच्या खांद्यांवर जाड बसली होती. फौजदार बोट फिरवत, बाटली दिव्याला धरत, बाजूला ठेवत गेले. मागच्या ओळीतली एक बाटली हातात आली आणि ते थांबले. हिच्यावर धूळ पातळ होती. लेबल नव्हतंच, नखानं खरवडल्याच्या खुणा होत्या. सीलही नव्हतं. फौजदारांनी बूच फिरवलं आणि वास घेतला. गोडूस. लहानपणी खोकल्याला आई द्यायची तसल्या औषधाचा.

त्यांनी तळहातावर थेंब घेतला. आत होतं ते नळाचं पाणी.

"डॉक्टर," फौजदार म्हणाले, "एक नाही. दोन गेल्यात. आणि पहिली जाऊन बरेच महिने झालेत."

औषधवाले मटकन स्टुलावर बसले.

३

"तुम्ही रोज मोजता ना?" फौजदारांनी त्यांना विचारलं.

"रोज! एक दिवस खाडा नाही. दोघांच्या साक्षीनं मोजतो."

"कपाट उघडून?"

"उघडायचं कशाला?" औषधवाल्यांना प्रश्नच कळला नाही. "जाळीतून बुचं दिसतात की. बुचं मोजायची. उघडलं की धोका. धक्का लागला, पडली, फुटली, मग?"

"म्हणजे बुचाखाली काय आहे ते तुम्ही बघितलंच नाही."

"बुचाखाली बाटली असणार, साहेब. दुसरं काय असणार?"

फौजदारांना हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली.

"चावी कायम तुमच्या गळ्यात?"

"अंघोळीलासुद्धा काढत नाही. आमची ही म्हणते, मंगळसूत्र मी घालायचं का तुम्ही? फक्त सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, सकाळची मोजणी झाली की हेडसिस्टरांकडे देऊन जातो. तसा नियमच आहे. कालही दिली होती." मग घाईनं म्हणाले, "पण एका चावीनं काय होतंय? दुसरी डॉक्टरांच्या कमरेला. ती सोडवणारा अजून जन्मायचाय."

डॉक्टरांनी फौजदारांना बाजूला घेतलं. "मला विचाराल तर वॉर्डातल्या मावशींना धरा. मुलगा नशेला लागलाय त्यांचा."

मावशी मागच्या अंगणात बादल्या घासत होत्या. अंगानं आडव्या, तोंडानं उभ्या. फौजदारांना बघून त्यांनी पदराला हात पुसले.

"या, फौजदार. वहिनी गेल्या ते तुम्ही तोंडच दाखवलं नाहीत. आता कुणाला धरायला आलात? मला?"

"कशावरून?"

"साहेबांचं काही हरवलं की पहिली मीच. मागे त्यांचा चष्मा गेला तेव्हाही मीच. सापडला कुठे? त्यांच्याच डोक्यावर." त्यांनी बादली पालथी घातली. "माझा पोरगा वाया गेलाय हे खरं. मी कुठे नाकारते? पण त्याची बाटली चौकातल्या दुकानात मिळते. त्यासाठी तुमच्या कपाटाची दोन कुलपं कशाला फोडायची?"

"कुलपं फोडलेली नाहीत. चाव्यांनी उघडलीत."

"मग तर मी सुटले. मला कोण देतंय चाव्या? साहेबांचा जुडगा तेवढा बघते, तोही खुंटीवर. गुरुवारी ऑपरेशनं असतात ना. साहेब कपडे बदलून आत जातात आणि मी त्यांची पँट खुंटीला लावते. पण जुडगा असला जड की पँट घसरून खाली येते मेली. सिस्टर म्हणतात, द्या इकडे, मी टेबलावर ठेवते."

फौजदारांनी आजूबाजूला बघितलं. अंगणाच्या कडेला रिकाम्या औषधांचा ढीग पडला होता. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या.

"पूर्वी काचेच्या यायच्या ना खोकल्याच्या?"

"तपकिरी. भंगारवाला हातोहात न्यायचा. पावसाळ्यानंतर ही प्लॅस्टिकची पीडा आली. आता एक काचेची मिळेल तर शपथ." मावशींनी मान वर केली. "एक सांगू? कशाला उगाच शोधताय? शेवटच्या खाटेवरचा गवंडी आहे ना, चार रात्री कुणाला झोपू दिलं नाही त्यानं. काल दुपारपासून गप्प आहे. मी तर म्हटलं, आटोपला. जवळ जाऊन बघते तर पेज मागतोय!"

फौजदार बादली ओलांडून जिन्याकडे निघाले.

४

वॉर्ड तोच होता. खिडकीचं तुटलेलं हँडल तेच, भिंतीवरची ओलही तीच. मधल्या खाटेवर दुसरीच बाई होती. ती एका सुरात कण्हत होती आणि तिची लेक तिच्या पाठीवरून रिकामाच हात फिरवत होती. फौजदार तिकडे न बघता पुढे गेले.

शेवटच्या खाटेवर गवंडी पडला होता. पोट फुगलेलं, हात काटक्यांसारखे, पण कपाळ सैल. फौजदार स्टूल ओढून बसले.

"कसं वाटतंय?"

"बरंय." तो हळू बोलत होता. "दुखणं आहे. पण लांब उभंय. अंगावर येत नाही."

नाक खाजवत त्यानं फौजदारांकडे बघितलं. त्या कोपऱ्यात उजेड कमी होता. कमी उजेडात माणसाच्या बाहुल्या मोठ्या होतात. याच्या मोहरीएवढ्या होत्या. असले डोळे फौजदारांनी कोठडीतल्या नशेबाजांचे किती बघितले होते!

"तोंडाला चव कशी आहे?"

"कडूजहर."

फौजदारांनी खाटेची पट्टी घट्ट धरली.

कडूजहर. हाच शब्द. तो गुरुवार होता, कारण लेक गुरुवारच्याच गाडीनं येणार होती आणि ते तिला आणायला गेले होते. परतले तेव्हा बायको झोपली होती. उशी तोंडात नव्हती. मग जागी झाली आणि दुपारभर लेकीशी बोलत बसली. नाक खाजवत होती. म्हणाली, "अहो, तोंड कडूजहर झालंय. चिमूटभर साखर द्या ना." त्यांनी साखर दिली. ती त्यांच्या मिशीवरून काहीतरी बोलली आणि तिघं हसली. पुढच्या मंगळवारी ती गेली. तोवर ती पुन्हा ओरडली नाही.

डॉक्टर म्हणाले होते, शेवटी शेवटी वेदना आपोआप कमी होतात.

तिचे डोळेही फौजदारांनी बघितले होते. बाहुल्या अगदी बारीक झाल्या होत्या. पण घरच्या माणसाच्या डोळ्यांत कुणी पोलिसासारखं बघत नाही.

ज्या चोराला धरायला ते आले होते त्यानं पहिली चोरी कुणासाठी केली, ते आता त्यांना कळलं होतं.

मागे पावलं वाजली आणि थांबली.

"पेशंटला त्रास देऊ नका, फौजदार," हेडसिस्टर म्हणाल्या. "विचारायचं असेल ते मला विचारा."

५

हेडसिस्टर उंच, हाडापेरानं मजबूत, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी चादरींच्या खोलीचं दार लोटलं आणि चादरींच्या गठ्ठ्याला टेकून उभ्या राहिल्या.

"कशावरून ओळखलंत?"

"दोन्ही चाव्या एकाच दिवशी एकाच हातात येतात. गुरुवारी. औषधवाले सुट्टीवर जाताना तुम्हाला देतात, डॉक्टरांचा जुडगा ऑपरेशनच्या वेळी तुम्ही टेबलावर ठेवता. पहिल्या वेळी रिकाम्या जागी खोकल्याची बाटली बसवलीत. काल तसली मिळाली नाही." फौजदार दम घ्यायला थांबले. "आणि गवंडी जिवंत आहे. चोरानं अंदाजानं पाजलं असतं तर तो उठलाच नसता. ज्याला माप माहीत आहे त्यानंच पाजलंय."

"पोलीस खात्याला सोडून चांगला माणूस गेला म्हणायचा."

"थट्टा करू नका."

"करत नाही." सिस्टरांनी खिशातून तपकिरी बाटली काढली आणि चादरींवर ठेवली. पाऊण भरलेली होती. "ही घ्या. पण त्याला अजून लागणार आहे, तेवढं बघा."

फौजदारांनी बाटलीला हात लावला नाही.

"मधल्या खाटेवरची बाई ओरडतेय. तिला का नाही दिलंत?"

"एका बाटलीत किती जणांना देऊ? चौघांना थोडं थोडं दिलं तर चौघंही ओरडतात. रोज सकाळी फिरताना ठरवायचं, आज कुणाला ओरडू द्यायचं." त्या पहिल्यांदाच चिडल्या. "खाली भरलेलं कपाट आणि वर मी चमचा घेऊन चोरासारखी! डॉक्टरांना सांगून थकले. म्हणाले, सिस्टर, एक सील तुटलं की त्याचे दहा प्रश्न."

"माझ्या बायकोला का दिलंत?"

"त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही चाव्या एकदम हातात आल्या आणि त्याच वेळी त्या ओरडल्या. एवढंच. दुसरं कुणी ओरडलं असतं तर त्याला दिलं असतं." सिस्टर जरा थांबल्या. "हुशार होत्या. पहिल्या चमच्याला त्यांनी माझं मनगट धरलं. विचारलं, बाई, कुठून आणलंत? मी म्हटलं, विचारू नका. तर म्हणाल्या, बरं. पण यांना कळू देऊ नका हां. फौजदार आहेत ते. पकडतील तुम्हाला."

फौजदार खाली बसले. तिथे बसायला काही नव्हतं, ते फरशीवरच बसले.

सहा दिवस ती त्यांच्याशी बोलली होती, हसली होती, साखर मागितली होती. आणि एवढी एक गोष्ट पोटात ठेवून गेली.

६

डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. औषधवाले भिंतीला चिकटून, मावशी दारात, हेडसिस्टर खिडकीपाशी. तपकिरी बाटली टेबलावर होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि दुसरीकडेही कुणाला बघवत नव्हतं.

फौजदारांनी सगळं सांगितलं. चाव्या, बुचं, खोकल्याची बाटली, मोहरीएवढे डोळे. सिस्टरांचं नाव आलं तेव्हा औषधवाले "अरे देवा" म्हणाले. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही? तीस वर्षं माझ्याबरोबर काढलीत, सिस्टर."

"म्हणूनच तुमची चावी सापडली," सिस्टर म्हणाल्या.

"मला वर कळवावं लागेल. इलाज नाही."

"कळवा," फौजदार म्हणाले. "पण नीट कळवा. चोरीचा माल ज्याच्याकडे जातो तोही आरोपी असतो. मी कित्येकांना त्या कलमाखाली धरलंय. पहिली बाटली माझ्या बायकोच्या पोटात गेली. ती आता हजर होऊ शकत नाही, तिच्या जागी मला घाला."

"फौजदार, असं काय करता?"

"आणि सोमवारी तपासणीवाले येतील तेव्हा मी इथे याच खुर्चीत बसणार. दोन बाटल्या कुठे गेल्या विचारतील, मी सांगेन. मग मी त्यांना विचारेन, बाकीच्या अजून इथे का आहेत?"

"परवाना जाईल माझा!" डॉक्टर ओरडले. "मग एक थेंबसुद्धा मिळणार नाही कुणाला!"

"आत्ता किती मिळतो?"

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली.

"परवाना गेला तर वरच्या वॉर्डाला कळणारसुद्धा नाही, डॉक्टर. आहे हेच कुठे कळलंय त्यांना?" फौजदार म्हणाले. "तुमच्याकडे कागद आहे, शिक्का आहे, औषध आहे. ज्याला दुखतंय त्याच्या नावानं चिठ्ठी लिहायची तेवढी बाकी आहे. तुमच्या मित्राची बाटली फुटली आणि तो हिशोब देऊ शकला नाही. तुमच्या बाटल्यांचा हिशोब वर खाटांवर पडलाय. ओरडतोय."

वरून खरंच आवाज आला. मधल्या खाटेवरची बाई. एरवी तो आवाज त्या खोलीत रोजच येत असणार, पण आज सगळे दचकले.

पहिल्यांदा हलले ते औषधवाले. त्यांनी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि चावी टेबलावर ठेवली. चावी काचेवर वाजली.

"मी चिठ्ठीशिवाय देणार नाही हां, साहेब," ते म्हणाले. "पण चिठ्ठी असेल तर देईन."

डॉक्टरांनी कमरेचा जुडगा काढून त्या चावीशेजारी ठेवला. मग त्यांनी खिशाचं पेन काढलं. "नाव काय त्या बाईचं?" त्यांनी विचारलं. ती महिनाभर त्यांच्या वॉर्डात होती.

मावशींनी दारातून सांगितलं.

थोड्या वेळानं जिन्याखाली कपाटाचं दार करकरलं.

फौजदार वर वॉर्डाच्या दाराशी उभे होते. जायला हवं होतं, पण जाववत नव्हतं. सिस्टर जिना चढून आल्या. हातात नवी बाटली, चमचा आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

"सोमवारी काय होईल?" फौजदारांनी विचारलं.

"मला धरतील बहुतेक. बघू."

त्या पुढे निघाल्या. फौजदारांनी मागून हाक मारली. हा एक प्रश्न त्यांना फरशीवर बसल्यापासून टोचत होता.

"बाई, तिनं तेव्हा मला सांगितलं असतं तर... मी खरंच पकडलं असतं का हो तुम्हाला?"

सिस्टर थांबल्या. क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या आणि मधल्या खाटेकडे गेल्या, कारण तिथे मायलेकी वाट बघत होत्या.